बर्गंडीच्या कालव्यावरची संकष्टी

माझ्या जावेचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही मला समजूतदार बाई समजाल आणि पुढे तुमची निराशा होईल.

जाऊ म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. ते दोघं एडिनबराला, आम्ही कॉव्हेंट्रीला. ती मुंबईची. फायनान्समधली नोकरी घेऊन व्हिसावर इकडे आली आणि इथेच तिला माझा दीर भेटला. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वर्षातून दोनदा ट्रेनने येते, डबाभर शॉर्टब्रेडची बिस्किटं आणते, सासूबाईंच्या गळ्यात पडते, दोन दिवस धमाल करते आणि तिसऱ्या दिवशी निघून जाते. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात नुसतं तिचं कौतुक. दुरून डोंगर साजरे, असं मी मनात म्हणायचे आणि सासूबाईंच्या गोळ्यांची डबी भरायला घ्यायचे.

सासूबाई अकरा वर्षं माझ्याकडे होत्या. सत्तरच्या दशकात त्या लग्न होऊन कॉव्हेंट्रीला आल्या, मामंजींसारखी त्यांनीही इथल्या कारखान्यात नोकरी केली, दोन मुलगे वाढवले. मामंजी गेले तेव्हा त्या आमच्या घरी राहायला आल्या, आणि त्या दिवसापासून त्यांचं सगळं मी केलं. मी डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात, रिसेप्शनला काम करते, त्यामुळे त्यांची ब्लड टेस्ट कधी, डोळे कधी, गुडघ्याची फिजिओ कधी, हे मला कॅलेंडर न बघता सांगता यायचं. सकाळी कोमट पाणी, अकरा वाजता ताक, जेवणात मीठ कमी. आणि हो, मैत्रिणींकडे रडगाणंही मीच गायचे. "अडकलेय गं मी. कुठे जाता येत नाही, येता येत नाही." अकरा वर्षं हेच तुणतुणं.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात नवरा बातमी घेऊन आला. नवरा इथेच जन्मलेला, त्याच्या मराठीत खुर्ची 'तो' असतो आणि टेबल 'ती'.

"दोन न्यूज आहे," तो म्हणाला. "एक, आईचा सेव्हन्टीफिफ्थ बर्थडेला एडिनबरावाले फ्रान्समध्ये बार्ज हायर करतायत. फुल वीक, बर्गंडीच्या वाइन कंट्रीमधून. आपण सगळे. आणि दुसरा..."

दुसरी बातमी सांगताना तो बुटाच्या लेस सोडण्यात फारच गुंतला. दिराने एडिनबराला नवं घर घेतलं होतं. खाली एक मोठी खोली, बागेत उघडणारी, लागूनच बाथरूम. "ते म्हणतायत, आईला आता आमच्याकडे येऊ दे. बोटीवर सगळे बसून ठरवू."

ज्यांच्या नावाने मी अकरा वर्षं रडत होते, त्यांना कोणीतरी घेऊन जाणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता की नाही? अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळं निभावलं मी, आणि आता ही येणार आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला!

"तुला काय वाटते?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय वाटायचंय," मी म्हटलं आणि भांडी आपटायला लागले.

जूनमध्ये निघालो. मी गाडीत छोटा कुकर भरला, मेतकूट, गुडघ्याचं तेल, आणि अर्धा किलो साबुदाणा नि दाण्याचं कूट, कारण गुरुवारी संकष्टी होती. आमच्या घरात संकष्टी कडक. मामंजी धरायचे, आणि त्यांच्यामागे सासूबाईंनी चालू ठेवली होती. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. पण सासूने उपास करायचा आणि सुनेने समोर बसून टोस्ट खायचा, हे मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मीही धरायचे. ज्यांना इंग्लंडातली उन्हाळ्यातली संकष्टी ठाऊक नाही त्यांना काय सांगू! सूर्यच मुळी साडेनऊला मावळतो. चंद्र उगवेपर्यंत कधीकधी बाराही वाजून जातात, आणि उगवला तरी कॉव्हेंट्रीच्या ढगांतून दिसतो कुणाला? मग फोनवर चंद्रोदयाची वेळ बघायची, ती झाली की खिडकीकडे तोंड करून हात जोडायचे, आणि सासूसुनेने पेंगत पेंगत वरणभात खायचा. दुसऱ्या दिवशी मला सकाळी आठला कामावर हजर व्हायचं असायचं. पण एकही संकष्टी चुकवली नाही, याचा मला अभिमान होता.

बोट बघितली आणि माझा राग वाढला, कारण बोट सुंदर होती. लांबलचक, पांढरी, आत तीन खोल्या, वर डेकवर टेबल आणि भली मोठी छत्री, पुढे दोन सायकली. चालवायला लायसन्स लागत नाही, माणूस चालेल त्या वेगाने ती जाते. कालव्याच्या दोन्ही काठांना उंच झाडं, त्यांच्यामागे टेकडीच्या अंगावर द्राक्षांचे मळे. काठाने सायकलवरून जाणारे लोक ओळख नसताना हात हलवायचे. जाऊ पहिल्याच दिवशी हाफ पँट आणि गवती हॅट घालून सुकाणूच्या चाकापाशी उभी. ती हॅटसुद्धा तिला शोभून दिसत होती. मी खाली स्वयंपाकघरात कुकर कुठे बसेल ते बघत होते. मला कोणी खाली पाठवलं नव्हतं, हेही खरं.

दर अर्ध्यापाऊण तासाने एक लॉक यायचं. लॉक म्हणजे पाण्याची पायरीच. बोट एका अरुंद दगडी हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, मग आत पाणी भरेल तशी बोट वर चढते आणि पुढचं दार उघडतं. तेवढा वेळ बोट भिंतीवर आपटू नये म्हणून दोर ताणून धरावा लागतो. पहिल्याच लॉकला जाऊ ओरडली, "आई, तो मागचा दोर धर गं!"

धर गं. सासूला! मी लग्न होऊन आल्यापासून 'अहो आई, तुम्ही' म्हणतेय, आणि ही सरळ 'तू'. मला मात्र ती 'ताई, तुम्ही' म्हणते, म्हणजे बोटीवर खरी सासू कोण ते ठरलेलंच होतं.

"अगं, त्यांचे गुडघे!" मी खालून धावत आले. तोवर सासूबाईंनी दोराचा एक वेढा खुंट्याला मारला होता आणि पाय रोवून उभ्या होत्या.

"कारखान्यात याच्याहून जाड केबल ओढल्यात मी," त्या म्हणाल्या.

पाणी खळाळत आत आलं, बोट वर चढली, लॉक सांभाळणाऱ्या फ्रेंच बाईने टाळ्या वाजवल्या आणि सासूबाई तोंडभर हसल्या. असं हसताना मी त्यांना कॉव्हेंट्रीत कधी पाहिलं होतं, ते आठवायला लागले आणि काही केल्या आठवेना. त्यानंतर दोर त्यांचाच. कोणी हात लावला तर रागवायच्या.

लॉक नसेल तेव्हा जाऊ त्यांना काहीबाही विचारत बसायची. कारखान्यात पहिल्या दिवशी काय घालून गेलीस? बाबा चिडले की काय करायचे? लग्नाआधी तुला कोणी आवडला होता का? मी तर ऐकूनच गार. आणि सासूबाई उत्तरं देत होत्या! पहिल्या दिवशी साडीवर कोट घालून गेल्या, तर साडी मशीनमध्ये अडकेल म्हणून फोरमनने त्यांना परत पाठवलं. मग त्यांनी ट्राउझर्स घेतल्या, पण मामंजींना सांगितलंच नाही. महिनाभर पिशवीत लपवून न्यायच्या आणि तिथे जाऊन बदलायच्या. दीर-जाऊ हसून लोटपोट. मीही हसले, पण आतून भडकले होते. त्यांचं दहा वर्षांपूर्वीचं ब्लड प्रेशर मी आकड्यांसकट सांगितलं असतं, आणि मला ट्राउझर्स माहीत नव्हत्या.

मंगळवारी एका गावात बोट बांधून वाइन चाखायला गेलो. माझं माहेर तासगावचं. द्राक्षांबद्दल मला कोणी शिकवू नये. वडिलांची बाग होती, छाटणी आणि विरळणी यांतच आमच्या सुट्ट्या गेल्या. मी म्हटलं, "आमच्याकडे वेल मांडवावर चढवतात, इथे बघा कसे कंबरेएवढेच ठेवलेत." पण जाऊ हातातला कागद वाचून सासूबाईंना तिथल्या मातीचे थर समजावून सांगत होती आणि सगळे माना डोलावत होते. माझं कोण ऐकतो! घोट घेऊन थुंकायला एक भांडं ठेवलेलं होतं. सासूबाईंनी घोट घेतला, भांड्याकडे पाहिलं आणि सरळ गिळून टाकला.

"चांगलं आहे की. थुंकायचं कशाला?"

"आई, गोळ्या चालू आहेत तुमच्या!"

"अहो ताई, एक घोट तर आहे," जाऊ म्हणाली, आणि मी पुन्हा एकदा खाष्ट ठरले.

तशी ती मला टाळत होती असं नाही. बुधवारी सकाळी म्हणाली, "ताई, आता तुम्ही चालवा ना थोडा वेळ. मजा येते." सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं, पाण्यावर एक बदक पिल्लांची रांग घेऊन चाललं होतं, आणि मला चालवायची फार इच्छा होती. "नको," मी म्हटलं, "मला खाली काम आहे." काम कसलं, तर घरून आणलेली कोथिंबीर निवडायची होती. मी खाली बसून ती निवडली आणि वरून येणारं हसणं ऐकत राहिले.

गुरुवारी सकाळी भिजवलेला साबुदाणा तयार होता. बटाटे नव्हते म्हणून नवऱ्याला घेऊन गावात गेले. यायला उशीर झाला. दुपारी बारा ते एक लॉकवाले जेवायला जातात, तेवढा वेळ बोटींनी आहे तिथेच थांबायचं असतं. आम्ही परतलो तेव्हा आमची बोट लॉकच्या अलीकडे बांधलेली होती, छत्रीखाली टेबल मांडलेलं होतं, आणि सासूबाई चीज घातलेलं ऑम्लेट खात होत्या. शेजारी पांढऱ्या वाइनचा छोटा ग्लास.

"अहो आई! आज संकष्टी!"

काटा हवेतच थांबला. "अगं बाई! आज का?" त्यांनी माझ्या हातातल्या बटाट्यांकडे पाहिलं आणि काटा खाली ठेवला. "विसरलेच बघ. बोटीवर वार कळत नाहीत."

"सॉरी ताई," जाऊ म्हणाली. "मी विचारलं काय खाशील, तर ती म्हणाली ऑम्लेट. आई, तू उपास करतेस? मला कधी बोलली नाहीस."

"मी कुठे करते," सासूबाई म्हणाल्या. "ही करते."

"मी?" माझा आवाज चढला. "मी तुमच्यासाठी करते! तुम्ही मामंजींच्या मागे धरता म्हणून!"

"मी कधीच धरली नाही गं. ते धरायचे. मी त्यांचं सगळं करून ठेवायचे आणि सहा वाजता जेवून मोकळी व्हायचे. तुझ्याकडे राहायला आले आणि त्याच महिन्यात तू साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवलीस. मला वाटलं, तुझ्या माहेरचं असेल. तुझ्या घरात राहायचं, आणि तू उपाशी असताना मी ताट वाढून घ्यायचं? बरं दिसलं असतं का ते?"

मग पहिला हसला तो माझा नवरा. "मला वाटला, तुम्हा दोघींना ते आवडते!" त्यानंतर दीर, त्यानंतर जाऊ, तिच्या तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. अकरा वर्षं, दर महिन्याला, दोन बायका एकमेकींच्या धाकाने चंद्राची वाट बघत ताटकळत होत्या. गणपतीने बिचाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला असेल.

मला हसू आलं नाही. मला त्या ऑम्लेटचा राग आला. काय खाशील? एवढं विचारून ही मोकळी झाली, आणि हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं, कारण त्या काय खाणार ते मला माहीतच होतं ना!

"मग तुम्ही सांगायचं नाही का इतक्या वर्षांत?" मी म्हटलं.

"तू विचारलंस कुठे?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी काटा उचलला आणि उरलेलं ऑम्लेट खाऊन टाकलं.

चहाच्या वेळी दिराने एडिनबराचा विषय काढला. फोनवर खोलीचे फोटो दाखवले. मोठी खिडकी, बागेत सफरचंदाचं झाड. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो दोनदा बघितले. "उद्या सांगते," म्हणाल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कप गोळा करून खाली गेले.

त्या माझ्यामागे आल्या. खाली उतरायच्या पायऱ्या उभ्या होत्या, पण मी हात द्यायच्या आत त्या उतरल्यासुद्धा. ओट्यावरचं फडकं घेऊन कप पुसायला लागल्या. "द्या इकडे, तुम्ही बसा," मी म्हटलं आणि फडकं त्यांच्या हातातून घेतलं. त्या पायरीवर बसल्या. मी नळ सोडला आणि नळाकडे तोंड करूनच म्हणाले, "आई, एडिनबराला जाऊ नका."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "एक विचारते, खरं सांग. तुला मी हवी आहे, की मी तिच्याकडे जायला नको आहे?"

मी खोटं बोलणार होते. शब्द अगदी ओठांवर आले होते, आई तुम्ही काय बोलता, तुमच्याशिवाय घर कसं वाटेल वगैरे. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"तिच्याकडे जायला नको," मी म्हटलं. "आधी ते. मला सहनच होत नाही. करायचं मी आणि कौतुक तिचं. ती तुम्हाला अगंतुगं करते आणि तुम्ही हसता. माझ्याशी कधी हसलात अशा? आणि हव्याही आहात. पण खरं सांगू, आधी ते."

"खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग मीही खरं सांगते. मला जायचंय."

मी नळ बंद केला.

"तू माझं काहीसुद्धा कमी केलं नाहीस. कुणीही विचारलं तरी मी तेच सांगेन. पण तुझ्या घरात मी पाहुणी आहे गं. पाण्याचा ग्लास तू हातात आणून देतेस. मी कुकर लावला तर मागून येऊन शिट्ट्या मोजतेस. आत्तासुद्धा बघ, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलंस. तिच्या घरात एक वस्तू जागेवर नसते. गेल्या गेल्या मला काम आहे तिथे."

मी रडले. सासूसमोर रडायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि रडू दिलं. पण निर्णय काही बदलला नाही. रात्री जेवताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि जाऊ उठून त्यांच्या गळ्यात पडली. मी चंद्राची वाट न बघता सगळ्यांबरोबर पोटभर जेवले, पण एका घासाची चव मला सांगता येणार नाही.

ऑगस्टच्या शेवटी त्या गेल्या. गोळ्यांची यादी मीच लिहून दिली, दोन पानं, कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर ते सगळं. मैत्रिणींना सांगत सुटले की बाई गं, सुटले एकदाची. त्यांनाही ते खरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात जावेचा फोन आला. आवाज टिपेला.

"ताई, तुम्ही कसं हो काढलंत इतकी वर्षं? आईने माझं सगळं किचन उलटंपालटं केलंय. मी म्हटलं, हे माझं किचन आहे, तर म्हणते याला किचन म्हणायची लाज वाटत नाही का! सकाळपासून कडाकडा भांडतोय आम्ही. काल तर दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. आज चहा कोणी करायचा यावरून पुन्हा सुरू!"

मागून सासूबाई ओरडल्या, "सांग, सांग तिला! डाळीत पोरकिडे झाले होते तेही सांग!"

"आई, तू मध्ये बोलू नकोस!"

"बोलणार! तू माझ्या चुगल्या करतेस आणि मी ऐकत बसू?"

पुढे दोघी एकदमच बोलायला लागल्या, मला काही कळेना. थोरल्या जावेला शोभेल असं मी काहीतरी बोलले, की होईल गं सगळं नीट, वयाप्रमाणे थोडं होतंच, आणि फोन ठेवला. मग तशीच उभी राहिले. माझ्या पोटात असं काही दुखलं, की फ्रान्समध्ये जे दुखलं होतं ते त्यापुढे काहीच नव्हतं. अकरा वर्षांत त्या माझ्याशी एकदाही भांडल्या नव्हत्या.